हसऱ्या गाण्यांचं कूळ

'डू यू बिलीव्ह इन मॅजिक' हा 'द लव्हिन स्पूनफुल' या न्यूयॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम 1965च्या नोव्हेंबरमध्ये निघाला. बारा गाणी, दोन्ही बाजू मिळून अर्ध्या तासाच्या जरा पुढे. त्या वर्षी निघालेल्या तबकड्यांत मोठमोठी नावं आहेत: बॉब डिलनचे दोन अल्बम, 'बर्ड्‌स'चे दोन, वर्ष संपता संपता आलेला बीटल्सचा 'रबर सोल'. या गर्दीत स्पूनफुलचा अल्बम 'बिलबोर्ड'च्या यादीत 32व्या क्रमांकापर्यंत चढला आणि तिथेच थांबला. रॉक संगीताचे इतिहास लिहिणारे त्याला एखादा परिच्छेद देतात, 'प्रसन्न', 'खेळकर' अशी दोन विशेषणं देऊन त्याची पाठ थोपटतात आणि पुढच्या थोर माणसाकडे वळतात. या पुस्तकात त्याच्या एकेका गाण्याला एकेक प्रकरण दिलं आहे. एवढी जागा का दिली, ते आधी सांगायला हवं.

या गाण्यांतल्या आनंदाला तरुण वयाचा उत्साह म्हणून सोडून देणं मला मान्य नाही. तो शिकून घेतलेला आनंद आहे, आणि ज्यांच्याकडून तो शिकला त्या माणसांच्या वाट्याला सुख फार कमी आलं होतं. मिसिसिपीतला एक शेतमजूर, औषधं विकणाऱ्यांच्या फिरत्या खेळांत बँजो वाजवून पोट भरणारा मेम्फिसचा एक कलाकार, रेल्वेच्या रुळांच्या आधाराने गावोगाव गात हिंडणारा टेक्सासचा एक भटका. 1920च्या दशकात या लोकांनी ध्वनिमुद्रित केलेली नाचाची, थट्टेची, मासे धरायला जाण्याची गाणी पस्तीस-चाळीस वर्षांनी न्यूयॉर्कमधल्या चार मुलांनी ऐकली, पाठ केली आणि विजेच्या गिटारवर आणली. हे कूळ ठाऊक झालं की हा अल्बम फार वेगळा ऐकू येतो.

1965 हे वर्ष अमेरिकेत हसण्याखेळण्याचं नव्हतं. मार्चच्या 7 तारखेला अलाबामातल्या सेल्मा इथे मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चाला पोलिसांनी झोडपून काढलं. दुसऱ्याच दिवशी अमेरिकी मरीन सैनिकांच्या पहिल्या लढाऊ तुकड्या व्हिएतनामच्या दा नांग किनाऱ्यावर उतरल्या. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसचा वॉट्स हा भाग पेटला. लोकगीतांच्या चळवळीचं या सगळ्याशी जवळचं नातं होतं. पीट सीगर, जोन बाएझ ही मंडळी नुसती गात नव्हती, मोर्चात चालत होती. त्यामुळे गिटार घेऊन व्यासपीठावर आलेल्या पोराने काहीतरी गंभीर सांगावं अशी अपेक्षा श्रोत्यांच्या मनात पक्की बसलेली होती. जूनमध्ये बर्ड्‌सनी डिलनचं 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' विजेच्या बारा तारांच्या गिटारवर वाजवून पहिला क्रमांक गाठला, आणि त्याच सुमारास 'बिलबोर्ड' साप्ताहिक 'फोक-रॉक' हा शब्द वापरू लागलं. जुलैच्या 25 तारखेला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुद्द डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांत उभी फूट पडली. सप्टेंबरमध्ये जगाचा अंत जवळ आल्याचा इशारा देणारं बॅरी मॅग्वायरचं 'ईव्ह ऑफ डिस्ट्रक्शन' पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं. त्यानंतरच्याच महिन्यात त्याच यादीत स्पूनफुलचं शीर्षकगीत नवव्या क्रमांकावर पोचलं. संगीत ऐकून तरुण मुलीच्या पायांना जे होतं, त्याबद्दलचं ते गाणं आहे.

या चौघांना जगाची फिकीर नव्हती, म्हणून त्यांनी असं गाणं केलं, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हा आरोप अन्यायाचा आहे. लोकसंगीताचा अर्धा भाग पहिल्यापासून हसण्याचाच आहे. कापसाच्या शेतात दिवसभर राबलेली माणसं शनिवारी रात्री जमत तेव्हा निषेधगीतं म्हणत नसत. ती नाचत, चावट गाणी म्हणत, एकमेकांची टर उडवत. चळवळीतल्या गायकांनी या ठेव्यातला दुःखाचा आणि संघर्षाचा भाग उचलला, आणि तो उचलायलाच हवा होता. दुसरा भाग मात्र पडून राहिला होता. स्पूनफुलने तो उचलला. बँडचा मुख्य गायक आणि गीतकार जॉन सेबास्टियन याने 'गुड टाइम म्युझिक' नावाचं एक गाणंच लिहिलं होतं. ते या अल्बमवर नाही, पण बँडचा जाहीरनामा म्हणून ते ऐकण्यासारखं आहे.

सेबास्टियनचा जन्म 1944चा, ग्रीनिच व्हिलेजमधलाच. न्यूयॉर्कच्या दक्षिण मॅनहॅटनमधली ही वस्ती चित्रकार, कवी, नट आणि गवयांची म्हणून प्रसिद्ध होती. त्याच्या वडिलांचंही नाव जॉन सेबास्टियन. माउथ ऑर्गन हे वाद्य त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या मंचावर नेलं, मोठ्या वाद्यवृंदांसोबत वाजवलं. आई रेडिओसाठी लेखन करायची. वुडी गथ्री, बर्ल आइव्ह्‌ज यांच्यासारखी माणसं घरी येत-जात. म्हणजे एकीकडे शिस्तशीर रियाज आणि दुसरीकडे लोकगीतांची मैफल, दोन्ही मुलाने घरातच पाहिलं. वडिलांचं वाद्य त्याने घेतलं, पण वाजवायला निवडले ते ब्लूज. विशी गाठायच्या आत तो व्हिलेजमध्ये माउथ ऑर्गनवाला म्हणून ओळखला जाऊ लागला होता. टेक्सासहून आलेल्या लाइटनिन हॉपकिन्ससारख्या बुजुर्गाच्या मागेमागे त्याची गिटार सांभाळत हिंडण्यात त्याने धन्यता मानली. 1965च्या जानेवारीत डिलनच्या 'ब्रिंगिंग इट ऑल बॅक होम'चं ध्वनिमुद्रण सुरू झालं तेव्हा तोही स्टुडिओत होता. फोक-रॉकचा जन्म त्याने इतक्या जवळून पाहिला होता.

झाल यानोव्स्की हा दुसरा महत्त्वाचा गडी, कॅनडातल्या टोरोंटोचा. शाळा अर्धवट सोडलेला, काही काळ इस्रायलमध्ये किबुत्झवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, राहून आलेला, उंच, मोठ्या तोंडाने हसणारा. जुन्या चित्रफिती पाहाव्यात: इतर बँडचे गिटारवादक खाली मान घालून गूढ दिसण्याच्या खटपटीत असताना हा माणूस कॅमेऱ्याकडे बघून वेडेवाकडे चेहरे करतो. पण हातातल्या गिटारवर त्याची हुकमत होती. एल्मोर जेम्सचा ब्लूज, दक्षिणेकडच्या कंट्री संगीतातली वळणं आणि पियानोसारखे टपटप पडणारे स्वर, हे सगळं त्याच्या वाजवण्यात एकाच गाण्यात येऊन जातं. या अल्बमवरचं त्याचं वाजवणं पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगं आहे. गायकाच्या ओळीच्या शेवटी उरलेल्या फटीत तो दोन-तीन स्वर असे ठेवतो की ओळ पूर्ण झाल्यासारखी वाटते. मोठे, लांबलचक एकलवादनाचे प्रसंग तो शोधतच नाही. माझ्या मते त्या काळातल्या अमेरिकेतल्या गिटारवादकांत त्याची जागा फार वरची आहे, आणि ती त्याला कधी मिळाली नाही.

या दोघांची गाठ पडली ती 9 फेब्रुवारी 1964च्या रात्री. एड सलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेसमोर गाणार होते. कॅस एलियट या गायिकेने आपल्या घरी मित्रांना बोलावलं होतं, त्यात हे दोघं होते. कार्यक्रम झाल्यावर दोघांनी गिटारी काढल्या आणि पुढची रात्र वाजवण्यात गेली. त्या वर्षी कॅस, डेनी डोहर्टी आणि झाल यांनी 'मगवम्प्स' नावाचा बँड केला, थोडे दिवस सेबास्टियनही त्यात होता. तो बँड मोडला. एका फांदीतून पुढे 'ममाज अँड द पापाज' झाला, दुसऱ्या फांदीतून 'लव्हिन स्पूनफुल'. बेस गिटारला स्टीव्ह बून आणि ड्रमला जो बटलर आले तेव्हा चौकडी पूर्ण झाली. दोघेही नाचगाण्याच्या बँडमध्ये वाजवून आलेले होते. लोकगीतवाल्यांच्या हातात बहुधा नसतो तो पाय हलवणारा ठेका त्यांच्यामुळे आला.

आता थोडं मागे जायला हवं, कारण अल्बमचा खरा पाया तिथे आहे. 1952 साली 'फोकवेज' कंपनीने हॅरी स्मिथ या विक्षिप्त संग्राहकाने निवडलेला 'अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक' हा संच काढला. 1920च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत निघालेल्या तबकड्यांतली 84 ध्वनिमुद्रणं त्यात होती. महामंदीच्या तडाख्यात या तबकड्यांचा धंदा बसला होता आणि वादक आपापल्या गावी विस्मृतीत गेले होते. 1950च्या आणि 1960च्या दशकांत व्हिलेजमधल्या तरुणांनी गुरुचरित्राचं पारायण करावं तसा हा संच ऐकला. त्याची अगदी शेवटची तबकडी आहे हेन्री थॉमस या टेक्सासच्या भटक्या गायकाचं 1928 सालचं 'फिशिंग ब्लूज'. गिटार वाजवता वाजवता तो मध्येच बांबूच्या पाव्यांची जुडी फुंकतो, आणि ते गाणं नाचायला लागतं. तेच गाणं स्पूनफुलच्या अल्बमच्या पहिल्या बाजूच्या शेवटी आहे. सदतीस वर्षांचं अंतर आणि मध्ये आलेली वीज, तरी थॉमसचा तो निवांत, बेफिकीर डौल त्यांनी जपला आहे. ही साधी गोष्ट नाही. जुन्या गाण्याचा वेग वाढवला की त्यातला आराम पहिल्यांदा मरतो.

याच ठेव्यात 'जग बँड' होते. लुइव्हिल आणि मेम्फिस ही त्यांची माहेरघरं. वाद्यं विकत घ्यायला पैसे नसले की जी वस्तू हाताशी असेल ती वाद्य होते, या न्यायाने या बँडमध्ये दारूचा रिकामा बुधला तोंडाजवळ धरून ओठांनी फुंकत आणि त्यातून खर्जाचे घुमणारे स्वर काढत. कपडे घासायच्या पन्हाळी पत्र्यावर बोटांत अंगुस्तानं घालून ताल धरत. धुण्याचं पिंप उलटं घालून त्यात काठी आणि दोरी अडकवली की बेस तयार. गस कॅननचा 'जग स्टॉम्पर्स' हा मेम्फिसचा बँड यातला सगळ्यात रसाळ. कॅननने 1929 साली मुद्रित केलेलं 'वॉक राइट इन' हे गाणं 'रूफटॉप सिंगर्स' या त्रिकुटाने म्हटलं आणि 1963च्या जानेवारीत ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हाताऱ्या कॅननला मग स्टॅक्स कंपनीने बोलावून त्याचा एक अल्बम केला. या लाटेत व्हिलेजच्या पोरांनी आपापले जग बँड उभे केले. सेबास्टियन 'ईव्हन डझन जग बँड'मध्ये होता. त्याच बँडमधून पुढे मँडोलिनवादक डेव्हिड ग्रिसमन, गायिका मारिया मल्डॉर, गिटारवादक स्टीफन ग्रॉसमन अशी नामवंत मंडळी निघाली. बुधला आणि पत्रा वाजवणाऱ्या या बँडमध्ये कोणी कोणावर भाव खात नाही. प्रत्येकाने आपला छोटासा आवाज वेळेवर टाकायचा, आणि सगळे मिळून गाडी पळती ठेवायची. स्पूनफुलचं वादन ऐकताना ही शिकवण सतत जाणवते. वाद्यं विजेची, पण मन जग बँडचं.

बँडला नाव मिळालं तेही याच वाटेने. मिसिसिपी जॉन हर्ट या गायकाच्या 'कॉफी ब्लूज' या गाण्यातले ते शब्द आहेत, आणि ते नाव सुचवलं फ्रिट्झ रिचमंडने. तो जिम क्वेस्किनच्या जग बँडमध्ये बुधला वाजवायचा. हर्टची कहाणी या पुस्तकाच्या वाचकाला माहीत असायलाच हवी. 1928 साली त्याने ओके कंपनीसाठी काही गाणी मुद्रित केली. मंदी आली, कंपनीचं काम थंडावलं, आणि हर्ट मिसिसिपीतल्या अॅव्हलॉन या खेड्यात शेतावर राबत राहिला. पस्तीस वर्षं. 1963 साली टॉम हॉस्किन्स हा तरुण चाहता त्याच्या जुन्या तबकडीतल्या गावाच्या नावाचा माग काढत अॅव्हलॉनला पोचला, तर हर्ट तिथेच होता आणि बोटांतली कला शाबूत होती. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांनी त्याला ऐकलं. व्हिलेजमध्येही तो येऊन गायचा. त्याचा आवाज मऊ, जवळ बसून बोलल्यासारखा. अंगठ्याने खालच्या तारांवर ठेका धरायचा आणि बाकीच्या बोटांनी वर सुरावट खेळवायची, ही त्याची पद्धत. कडवटपणाला पुरेपूर कारण असलेल्या या माणसाच्या गाण्यात कडवटपणा शोधूनही सापडत नाही. 1966च्या नोव्हेंबरमध्ये तो गेला. तोवर त्याच्या गाण्यातल्या दोन शब्दांचं नाव लावलेला बँड देशभर गाजत होता.

नव्या बँडची सुरुवात काही गाजण्यासारखी नव्हती. व्हिलेजमधल्या 'नाइट आउल कॅफे'त त्यांनी पहिले कार्यक्रम केले ते मालक जो मारा याला पसंत पडले नाहीत. जा, आणि सराव करून या, असं त्याने सांगितलं. मंडळी जवळच्या 'हॉटेल अल्बर्ट'च्या ओल आलेल्या तळघरात जाऊन रोज वाजवू लागली. परत आली तेव्हा बँड बँडसारखा वाजत होता. तरीही कॅफेत येणारे बहुतेक श्रोते जुन्या वळणाचे, काळ्या कपड्यातले, सिगारेट ओढत निर्विकार चेहऱ्याने बसणारे. एका रात्री त्यांच्यात सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी आली आणि कोणाची पर्वा न करता नाचू लागली. सेबास्टियनने पुढे अनेकदा सांगितलं आहे की तिला पाहून आपला श्रोतृवर्ग बदलतो आहे हे त्याला आणि झालला उमगलं. शीर्षकगीत त्यातून आलं.

त्या गाण्याच्या सुरुवातीला जी स्वरसंगतींची चढती रांग आहे ती 'मोटाउन' कंपनीच्या 'हीट वेव्ह' या मार्था अँड द व्हँडेलाजच्या 1963 सालच्या गाण्यावरून घेतलेली. सेबास्टियनने तिचा वेग वाढवला. हे तो लपवत नाही, आनंदाने सांगतो. पण गाण्याला जो झगमगता आवाज आहे तो ऑटोहार्प या वाद्याचा. आपल्या स्वरमंडळाची आठवण करून देणारी ही तारांची पेटी. फरक इतका, की तारांवर आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि एकेका पट्टीला खालून नमद्याचे तुकडे असतात. पट्टी दाबली की नको असलेल्या तारा गप्प होतात, उरलेल्या तारांवरून हात फिरवला की तयार स्वरसंगती उमटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत याचं पेटंट घेतलं गेलं, आणि पुढे अपालाचियन डोंगरातल्या घराघरांत, शाळांत, प्रार्थनामंदिरांत ते पोचलं. गाणाऱ्या कार्टर कुटुंबातल्या मेबेल कार्टरने ते छातीशी धरून वाजवण्याची रीत लोकप्रिय केली. असं हे घरगुती, भजनाला साथ करणारं वाद्य सेबास्टियनने पाठीला छोटा मायक्रोफोन लावून अॅम्प्लिफायरला जोडलं. ड्रम आणि विजेच्या गिटारच्या मधोमध ते असं लखलखतं की गाण्याचा विषय शब्दांआधी कानांना कळतो. जुन्या लोकसंगीताचं वाद्य, कृष्णवर्णीय मुलींच्या नाचगाण्याची स्वरसंगती, आणि व्हिलेजच्या कॅफेतला क्षण: फोक-रॉक या नावाने जे काही केलं गेलं त्यातला इतका नैसर्गिक सांधा दुसरा मला दिसत नाही.

हे गाणं घेऊन त्यांचा निर्माता एरिक जेकबसन कंपन्यांची दारं ठोठावत हिंडला. तो स्वतः ब्लूग्रास संगीतातला बँजोवादक. नव्या आवाजाचं वेड लागल्यावर बँजो बाजूला ठेवून निर्मितीकडे वळलेला. बऱ्याच नकारांनंतर 'कामसूत्र रेकॉर्ड्‌स'ने त्यांना घेतलं. न्यूयॉर्कच्या तीन व्यावसायिकांनी 1964 साली काढलेल्या कंपनीला वात्स्यायनाच्या ग्रंथाचं नाव मिळालं, आणि त्यामुळे या अल्बमच्या तबकडीच्या मधोमध ते संस्कृत नाव छापलेलं दिसतं. यापलीकडे भारताशी त्याचा काही संबंध नाही.

बाकीच्या गाण्यांचा परिचय पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे फक्त माझा कौल सांगतो. 'डिड यू एव्हर हॅव टू मेक अप युवर माइंड' हे शब्दांच्या दृष्टीने या अल्बमवरचं सगळ्यात चतुर गाणं. दोन मुलींमध्ये अडकलेल्या पोराची फजिती त्यात अशी सांगितली आहे की हसूही येतं आणि त्याची दयाही येते. 1966 साली ते स्वतंत्र तबकडी म्हणून निघालं आणि दुसऱ्या क्रमांकावर गेलं. 'यंगर गर्ल' हे सगळ्यात सुंदर. 'ब्लूज इन द बॉटल' टेक्सासच्या जुन्या गावठी फिडलवाल्यांचं, तर 'वाइल्ड अबाउट माय लव्हिन' मेम्फिसच्या जिम जॅक्सनचं. दोन्हींत बँड कमालीचा मोकळा वाटतो. 'स्पोर्टिन लाइफ' हे ब्राउनी मॅगी या थोर ब्लूज गायकाशी जोडलं गेलेलं गाणं. उधळलेल्या आयुष्याचा थकवा त्यात आहे, आणि विशी-बाविशीतल्या मुलांनी ते पुरेशा संयमाने म्हटलं आहे. फ्रेड नीलचं 'अदर साइड ऑफ धिस लाइफ' याच अंगाचं. ही दोन गाणी मध्ये असल्यामुळेच बाकीच्या गाण्यांतलं ऊन खरं वाटतं. 'यू बेबी' मात्र मला कधीच आवडलं नाही. निर्माता फिल स्पेक्टरच्या कारखान्यातलं ते गाणं, आधी 'रॉनेट्स'नी म्हटलेलं. त्याला मागे भलामोठा वाद्यवृंद लागतो. चार जणांच्या हातांत ते पोकळ वाजतं. शेवटचं 'नाइट आउल ब्लूज' हे निव्वळ वादन, ज्या कॅफेने आधी नाकारलं आणि मग उभं केलं त्याच्या नावाने. सेबास्टियनचा माउथ ऑर्गन त्यात मनमुराद ऐकायला मिळतो. वडील हयात होते, आणि मुलगा त्यांच्याच वाद्यावर मिसिसिपीची भाषा बोलत होता.

'यंगर गर्ल'बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. तिची सुरावट गस कॅननच्या 'जग स्टॉम्पर्स'च्या 'प्रिझन वॉल ब्लूज'वरून सुचलेली आहे. तुरुंगाच्या भिंतीवरच्या गाण्यातून कोवळ्या प्रेमाचं गाणं निघालं. कलेत असं होतं, आणि मला ते सुंदरही वाटतं. पण तबकडीवर गीतकार-संगीतकार म्हणून एकट्या सेबास्टियनचं नाव आहे. जुन्या गाण्यांना 'पारंपरिक' म्हणायचं आणि संयोजक म्हणून आपलं नाव घालायचं, ही त्या काळातली सर्रास चाललेली रीत. ती सगळ्यांनीच पाळली, गंभीर गायकांनीही. तिचा परिणाम मात्र एकाच बाजूला झाला. ज्यांनी ही गाणी घडवली त्या कृष्णवर्णीय वादकांच्या घरी पैसा फारच थोडा पोचला. कॅननबद्दल असं सांगतात की 'वॉक राइट इन' देशभर वाजू लागलं तेव्हा त्याचा बँजो कोळशासाठी गहाण पडलेला होता. स्पूनफुलच्या चौघांनी या बुजुर्गांचा आदर मनापासून केला, मुलाखतींत त्यांची नावं घेतली, आपल्या बँडचं नावच त्यांच्याकडून घेतलं. आदर आणि हिशोब या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि या अल्बमवर प्रेम करणाऱ्याने दुसरीकडे डोळेझाक करू नये. म्हणून पुढच्या प्रत्येक प्रकरणात गाण्याचं मूळ, मूळ गायकाचं नाव आणि त्याच्या आयुष्याची हकीकत आधी दिली आहे, स्पूनफुल त्यानंतर येतो.

बँडचा पुढचा प्रवास थोडक्यात. 1966 साली त्यांचे 'डेड्रीम' आणि 'हम्स' हे अल्बम निघाले. 'डेड्रीम' हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं, आणि 'गुड डे सनशाइन' लिहिताना ते आपल्या मनात होतं असं पॉल मॅकार्टनीने सांगितलं आहे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात 'समर इन द सिटी' पहिल्या क्रमांकावर पोचलं. पण मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोत झाल आणि स्टीव्ह बून गांजासह पकडले गेले होते. झालला देशाबाहेर घालवण्याची भीती घालण्यात आली, दोघांनी पोलिसांना सहकार्य केलं, आणि ते उघड झाल्यावर त्यांच्याच पिढीने त्यांच्याकडे पाठ फिरवली. 1967 साली झाल बँड सोडून गेला. त्याच्याशिवाय बँडमधलं हसू गेलं, हे पुढची गाणी ऐकल्यावर कोणालाही कळेल. तो कॅनडाला परतला, किंग्स्टन गावात त्याने 'शे पिगी' नावाचं उपाहारगृह चालवलं आणि नावारूपाला आणलं. 2000 साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा समावेश झाला तेव्हा चौघे पुन्हा एकत्र आले. दोन वर्षांनी झाल गेला. सेबास्टियन 1969 साली वुडस्टॉक महोत्सवाच्या मंचावर एकटाच गायला, 1976 साली 'वेलकम बॅक'ने पुन्हा पहिला क्रमांक गाठला, आणि नंतर जग बँडच्या संगीताकडे परत वळला.

वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक हातात धरून सरळ अल्बम लावू नका. आधी हेन्री थॉमसचं 'फिशिंग ब्लूज' ऐका, मग कॅननच्या बँडचं 'प्रिझन वॉल ब्लूज', मग हर्टचं 'कॉफी ब्लूज'. ही ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. जुन्या तबकड्यांची खरखर पहिल्या दोन मिनिटांत अंगवळणी पडते. त्यानंतर स्पूनफुलची पहिली बाजू लावा आणि आवाज थोडा वाढवा, कारण बून आणि बटलरचा ठेका हळू आवाजात निम्मा हरवतो. दुसऱ्या बाजूला 'यंगर गर्ल' आलं की एकदा तिच्या शब्दांकडे लक्ष न देता फक्त मागची गिटार ऐका. कॅननच्या बँजोची चाल झालने कशी गिटारच्या भाषेत आणली आहे ते तिथे स्वच्छ दिसतं, आणि त्या गाण्यावरच्या प्रकरणात त्याचा एकेक स्वर उलगडून दाखवला आहे.